पिंपाने आत ओढलेला श्वास

४ नोव्हेंबर
आज येथे रुजू झाले आणि बऱ्याच काळानंतर मन प्रसन्न आहे. खोलीत भरपूर उजेड आहे, टेबल डुगडुगत नाही, आणि खालच्या मजल्यावर घराच्या मालकांचा, ज्यांना मी काका म्हणते त्यांचा, संग्रह आहे: दशकानुदशके मुरलेली ग्रेन व्हिस्की, सगळी स्वतंत्र बॉटलरांची. ही मंडळी स्वतः काही गाळत नाहीत. दुसऱ्यांकडचे एखादेच उत्तम लाकडी पिंप पारखून घेतात आणि काहीही न मिसळता बाटल्या भरतात. मक्यागव्हाच्या या व्हिस्कीला लोक मिश्रणातली भरती समजतात. लोकांना नाक असते, घ्राण नसते. प्रत्येक बाटलीचे गंधवर्णन मला लिहायचे आहे. नाकाने कांदे सोलणारी माणसे खूप पाहिली, पगार घेऊन सोलणारी पहिलीच, असे काकू म्हणाल्या. मीही हसले.

लेकीचा फ्रॉक उशाशी ठेवला आहे, घट्ट झाकणाच्या बरणीत. ती गेली त्या सकाळी न्हाऊन तिने तो घातला होता. बरणी मी फक्त तिच्या वाढदिवशी उघडते. वास वापरला की सरतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक?

९ नोव्हेंबर
बाटल्यांत न भरलेले एकच पिंप येथे आहे, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. धंदा गुंडाळणाऱ्या एका बॉटलरकडून काकांनी ते अख्खे उचलले. आज नमुना काढला: व्हॅनिला, सुके खोबरे, लाकडाचे पॉलिश. निर्दोष, परंतु कोणीतरी सोडून गेलेल्या घरासारखे. ही उपमा खोडायला हवी. पिंप श्वास घेते, थंडीत आत ओढते, उन्हात सोडते, असे काका म्हणाले. त्याला श्वास नव्हे, आकुंचन-प्रसरण म्हणतात, असे मी सांगितले. बरं मास्तरीणबाई, तुमचंच खरं, म्हणाले.

१५ नोव्हेंबर
थंडी वाढली. पुन्हा नमुना काढला. व्हॅनिला, खोबरे आणि काहीतरी नवे. इतक्या जुन्या पिंपात आठवड्याभरात नवे काही येत नाही. साबण. ओले केस. मानेची मागची बाजू.

नाक चुकले असावे, असे लिहिणार होते. माझे नाक चुकत नाही.

वर येऊन बरणी उघडली, वाढदिवस नसताना. फ्रॉकला कापडाचा वास येतो. फक्त कापडाचा.

१८ नोव्हेंबर
पिंपाला कान लावला. आत झोपलेल्या मुलाचा श्वास आहे. मी माझा रोखला, तो थांबला नाही.

तिचे हसू आठवू पाहिले. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग एक घोट घेतला आणि ते कानात खळखळले. गिळला. दुसऱ्या घोटात ते नव्हते. आता कुठेच नाही. प्यायलेले परत येत नाही.

२१ नोव्हेंबर
रविवारी पाहुणे येणार. पिंप संपवायचे ठरले आहे. मी हात जोडले, आयुष्यात प्रथमच. मग काय लोणचं घालायचं का त्याचं, असे काकांनी विचारले. मी सगळे सांगितले. काकूंनी माझा हात हातात घेतला. पोरी, तू धड जेवत नाहीस की झोपत नाहीस, म्हणाल्या. नंतर काकांनी पिंपाच्या खोलीला कुलूप लावले.

निघून जावे? तिला येथे ठेवून?

२४ नोव्हेंबर
ग्लास भरले. मी जिन्यावर बसले आहे. नुकत्याच न्हालेल्या लहान मुलाचा वास, असे एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले. वर्णन अचूक आहे. मला इतके अचूक कधी—

ती माझ्या कुठवर यायची? कमरेपर्यंत, की—

डोळे. काळे होते. किंवा—

काकू वर बघून म्हणतात, तूही ये, थोडीच उरलीय—

थोडीच. उरलेले लिहून काढते, व्याकरण राहू दे. ताप आला की माझा अंगठा धरून झोपायची. हे आहे. अजून आहे. आई म्हणायची नाही, तिचा स्वतःचा एक बोबडा शब्द होता, दारातूनच ओरडायची, मला ती म्हणायची—