उपाशी उंदरांची पाटी

स्फाक्स, १२ एप्रिल

प्रिय बाबा,

भूक पोटात लागते की डोक्यात, असं तुम्ही ईदला विचारलंत. खरं सांगते, मला अजून त्याचं उत्तर देता येत नाही. खजुरांना पराग लावून झाला का? गुडघा दुखतोय, तर सगळी झाडं स्वतः चढू नका. मी बरी आहे. थकले आहे, एवढंच.

थोडंसं कळलंय, ते सांगते. अंगातली चरबी रक्तात लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. ते मेंदूतल्या भुकेच्या पेशीपाशी पोहोचलं की पेशीची बारीक दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी गप्प होते. उपासात लेप्टिन घटतं, दारं मिटतात, पेशी टकटक करत राहते. काचेच्या सुईने मी ती टकटक ऐकते.

रमजानभर माझ्या उपाशी उंदरांपैकी निम्म्यांच्या पेशी गप्प निघाल्या. वही चाळली तेव्हा दिसलं, त्या प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळची पाळी मनूबीकाकांची होती. आमच्या प्रयोगशाळेतले पिंजरे ते सांभाळतात. विचारलं तर हसले.

"अगं, अजान झाली की मी खजूर तोंडात टाकणार आणि ही लेकरं टकामका बघणार? घास उतरेल का घशाखाली? शोरब्यात भाकरी बुडवून दिली."

"काका, ते उंदीर आहेत!"

"मग? उंदराला पोट नसतं? एवढं शिकलीस, पण माया कुठे ठेवलीस?"

खाणं देऊ नये, अशी पाटी मीच लावली होती. फ्रेंचमध्ये. काकांना फ्रेंच वाचता येत नाही. तुम्हालाही येत नाही, बाबा, आणि हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

प्राध्यापिका म्हणाल्या, "गप्प पेशी खराब होत्या, असं लिही. नाहीतर म्हाताऱ्याचं नाव लिही. मार्सेयची संशोधनाची जागा घालवू नकोस." काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत.

मी फ्रान्सला जाणार म्हणून आईने नवी बॅग घेतलीय, गल्लीभर मकरूदची मिठाई वाटलीय, ते ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र लांबत गेलं.

सोमवारी मी मार्सेयला खरं ते कळवलं: पाटी माझी, चूक माझी, तुम्हाला पाठवलेले निष्कर्ष मागे घेते. जागा गेली. मग अरबीत नवी पाटी लिहिली, उंदरांना उपास कशासाठी तेही लिहिलं. काकांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "हे आधी सांगायचंस ना, पोरी."

आईला तुम्हीच सांगा. मला जमणार नाही.

अजून इथेच असलेली,
तुमची सिहाम