व्याज उतरल्याचे पेढे

बाबा, आज तुमचा फार राग आलाय, आणि तो काढायला तुम्ही नाही आहात. सकाळी बातमी आली की मध्यवर्ती बँकेनं ध्यानीमनी नसताना, ठरलेल्या बैठकीच्या आधीच व्याजदर उतरवले. बाजार उसळला. माझेही थोडे शेअर आहेत, म्हणून मी चहा तसाच ठेवून टीव्हीसमोर बसले. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं होतं तिथे आलं आणि मग त्याच्याही खाली गेलं. टाय लावलेला एक तज्ज्ञ कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "सवाल ये है कि इनको ऐसा क्या दिख गया जो हमें नहीं दिख रहा?" मी रिमोट सोफ्यावर आपटला. हे वाक्य मी ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आपल्या घरात जन्मभर ऐकलंय, टायशिवाय.

ते तुम्हांला कुठे चिकटलं, तेही मला ठाऊक आहे. संस्थान विलीन होत होतं, तुम्ही बाड्याच्या चौकाजवळच्या दरबारी कचेरीत कारकून होता, आणि एक दिवस न मागता तुम्हांला बढती मिळाली. मी स्वयंपाकघरात पाटी घेऊन बसलेय आणि तुम्ही टोपीसुद्धा न काढता पेढ्यांचा भलामोठा पुडा आईपुढे ठेवताय. "अहो, एवढे कशाला?" आई म्हणते. "सगळ्या गल्लीत वाटायचे!" म्हणून तुम्ही मोठ्यानं हसताय. तसं हसताना मी तुम्हांला पुन्हा पाहिलं नाही. थोड्याच दिवसांत ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या कचेऱ्या एक झाल्या, एकेका खुर्चीला दोन दोन माणसं झाली, आणि नव्या बढतीवाल्यांना सगळ्यांत आधी खाली उतरवलं. पेढे खाल्लेली माणसं विचारपूस करायला आली, तेव्हा तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत. मला तेव्हा तुमची फार दया आली होती. आजही येते, पण म्हणून काय माणसानं जन्मभर तेच धरून बसायचं? पुढे कर्ज स्वस्त झाल्याचं पेपरात आलं की गल्लीतले व्यापारी दुकानं वाढवायचे, आणि तुम्ही चष्मा काढून म्हणायचात, "यांना असं काय दिसलंय, जे आपल्याला दिसत नाही?" व्यापाऱ्यांची दुकानं छान चालली, बाबा. तुम्ही मात्र पोस्टात पैसे ठेवून त्या पोस्टावरही संशय घेत राहिलात.

आणि माझी मॅट्रिक! राज्याची पुन्हा नवी मांडणी होऊन कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, तुमच्या डोक्यात बदलीचा घोर होता, सगळं मान्य. पण मी पहिल्या वर्गात आले होते, आणि आपल्या गल्लीत तेव्हा तसं आलेली दुसरी मुलगी नव्हती. मी धावत घरी आले, तर तुम्ही म्हणालात, "गावभर सांगत सुटू नकोस. कॉलेजात नाव लागू दे, मग बघू." आईनं स्वयंपाकघरात माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली, तीही दार लोटून. कॉलेजात नाव लागलं, तोवर पेढ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही. तुम्ही मला फाउंटन पेन आणून दिलंत आणि सोबत पावती. "जपून ठेव, बिघडलं तर बदलून देतात." असं बक्षीस जगात कुणी दिलं असेल का हो?

आज दुपारी नात आली. दातांची डॉक्टर झालीय, तिला इथे दर्पण कॉलनीत स्वतःचा दवाखाना काढायचाय, आणि कर्जाला जामीन म्हणून माझी सही हवी. किती दिवस मी आज-उद्या करत होते. "आजी, रेट गिर गया! आता तरी सही कर ना, प्लीज." हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या ठेवींचं व्याज त्याच बातमीनं कमी होणार, हे तिच्या गावीही नव्हतं. मी सही केली. ती पुड्याचा दोरा सोडायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाटायची घाई नको. दवाखाना सुरू होऊ दे, मग बघू."

तिचा हात दोऱ्यावर थांबला. चेहरा असा उतरला की मला तो आरशात पाहिल्यासारखा ओळखू आला. काय करून ठेवलंत हो तुम्ही! मी तिच्या हातातून पुडा घेतला, चपला घातल्या आणि तरातरा शेजारी गेले. शेजारीण दारातच म्हणाली, "अरे अम्माजी! किस खुशी में?"

मी म्हटलं, "मैट्रिक पास हो गई हूँ. फर्स्ट क्लास."

ती हसत सुटली, मीही हसले, आणि तिथेच उभ्यानं आम्ही एकेक पेढा खाल्ला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. दवाखान्याचं मात्र शेजारणीला मी अजून सांगितलेलं नाही.