'कॉन्स्टन्सी'चा डावा कप्पा

सोमवार, ८ मार्च १९१५, सकाळी सव्वासात. डोव्हर बंदर. कोकोचा मग गुडघ्यांत धरून लिहितो आहे.

काल 'कॉन्स्टन्सी'वर दाखल झालो. पोलादी बांध्याच्या अगदी सुरुवातीच्या युद्धनौकांपैकी ही एक, माझ्याहून वयानं मोठी. भंगारात निघाली होती, युद्धामुळे परत बोलावली. झोपायची झोळी कोरडी आहे, माणसं हसरी आहेत. शेजारचा कॉर्नी म्हणाला, टॅपस्कॉट, या म्हातारीच्या पोटात जोरात शिंकू नकोस, अंगावर गंज पडेल. आईला तेवढंच कळवलं.

माझं काम तळाशी, डाव्या कप्प्यात समुद्राचं पाणी सोडायच्या चाकाजवळ. आमच्या तोफांचा पल्ला कमी. म्हणून डावीकडे पाणी भरायचं, जहाज कलतं, उजवीकडच्या तोफांची तोंडं वर होतात आणि गोळे लांब जातात. नायक गेजनं नियम समजावला. गंज खरवडायला आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला बाहेर हुकाला लावायचा. पाणी सोडण्याआधी हुक रिकामा आहे ना बघायचं, कप्प्याच्या झाकणाचे बोल्ट आवळायचे, हातोडीनं तीन ठोके द्यायचे. आतून उत्तर नाही आलं, तरच चाक फिरवायचं. मी सगळं नीट अक्षरात उतरवून घेतलं.

बुधवार, १० मार्च. बेल्जियमचा किनारा.

हुक रिकामा होता. मी तीन ठोके दिले. आतून तीन आले.

झाकण उघडायला लावलं. गेज स्वतः कंदील घेऊन आत उतरला. ओलं पोलाद, दुसरं काही नाही. तेवढा वेळ किनाऱ्यावरचं आपलं सैन्य तोफांवाचून राहिलं. गेजनं दोष स्वतःवर घेतला, मग मला बाजूला नेऊन सांगितलं. नोव्हेंबरात लडलो नावाचा पोरगा इथे बुडाला. बिल्ला न लावता आत गेला होता, कशाला ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून ठोके येतात. पुन्हा आले तर मुकाट्यानं चाक फिरव, बाळा, असं म्हणाला. किनाऱ्यावरची पोरं अजून जिवंत आहेत, तो नाही.

गुरुवार, ११ मार्च.

ठोके आले. चाक फिरवलं. पाण्याबरोबर ठोके वर वर सरकत आले, झाकणापर्यंत. मग थांबले.

जेवताना सगळे हजर होते. कॉर्नी म्हणाला, आमच्या लडलोला रोज आंघोळ लागते, तुझ्यासारखा नाही तो. सगळे हसले. मीही हसलो.

शनिवार, १३ मार्च.

आज ठोके घाईचे होते. माणसासारखे. कुणी कमी नाही, मी दोनदा विचारलं. पण उद्या खरंच कुणी आत असला तर? मी कसं ओळखणार? गेजला म्हटलं, पाणी न सोडता एकदा मला आत बसू द्या, त्याचा ठोका कानात बसू दे. म्हणाला, शहाणपणा केलास तर कोळसा ओढायला पाठवीन.

रविवार, १४ मार्च. डंकर्कसमोर नांगर टाकून.

वर प्रार्थना चालू आहे. आज गोळीबार नाही. मी आत आहे. बिल्ला लावला नाही, गेजनं पाहिला असता. मेणबत्ती लावली. झाकण आतून ओढून घेतलंय.

अजून काही नाही. नुसतं थेंबांचं—

जहाज हललं. हुकूम आला असणार. झाकणावर कुणीतरी— बोल्ट आवळतोय. ओरडलो. इंजिनाच्या आवाजात—

कॉर्नी आहे. माझ्या जागी. टॅपस्कॉट कुठे उलथलाय म्हणून मला शिव्या घालतोय.

तीन ठोके.

मी हात उचलायच्या आधी उत्तर गेलं. माझ्या शेजारून.

जिवाच्या आकांतानं ओरडलो. कॉर्नी हसला. म्हणाला, ऐका, आज तर हाकासुद्धा मारतोय.

पाणी. पायांना. तो ठोकतोय, मीही ठोकतोय—

हळू आवाजात सांगतोय मला. तोही बघायलाच आला होता म्हणे, की आत कोण—