ईश्वरीचा प्रोसेसर

कार्ल्सरूहे, ६ नोव्हेंबर २००५

ती. शुभाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, असा तुझा हुकूम. घे पत्र. कॉलेज अर्ध्यावर सोडल्याबद्दल यात एक ओळही नाही; ते बाबा रेगेन्सबर्गहून रोज ऐकवतात.

दुकानात मजा आहे, दिवसभर कॉम्प्युटर जोडतो. आणि मंगळवारी कोण आलं असेल? तुझ्या मैत्रिणीची, नैनामावशीची ईश्वरी. तुमच्याकडे गणपतीत पाहिली तेव्हा वाटलं होतं, ही केमिस्ट्रीचं पुस्तक उशाला घेऊन झोपत असेल. आत्या, ती गेम्स खेळते. रणगाडे उडवते. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, तरी मला सगळं मराठीच ऐकू येत होतं. तिला बेताच्या बजेटमध्ये गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय आणि तो मीच जोडायचा, गेनाऊ, म्हणजे नेमका मीच, असं म्हणाली.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. ईश्वरीसाठी प्रोसेसर कुठला निवडावा? त्यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून. एएमडीवाला शांत आहे, एका वेळी एकच काम करतो, पण चपळ. इंटेलवाला एकदम दोन कामं ओढतो, पण भयंकर तापतो. डोक्यावर पंखा सतत घोंघावत लागतो. चुकीचा निवडला तर ती माझं तोंड बघणार नाही. तू शास्त्रज्ञ आहेस, सांग.

माया आहे तेवढी ठेव. वाढवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझा सिद्धेश

लुडविग्सहाफेन, ९ नोव्हेंबर २००५

चि. सिद्धेशास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, पण चष्मा पुसून पुसून वाचलं. कॉम्प्युटरचं मला कळत नाही, ते सोडून दिलं. पण ईश्वरीला डिप्लोमआर्बाइटसाठी, म्हणजे पदवीच्या प्रबंधासाठी, प्रोफेसर ठरवता येत नाही आणि त्या काळजीने तुला जेवण जात नाही, हे वाचून भरून आलं. स्वतः कॉलेज सोडलं, पण दुसरीच्या शिक्षणाची केवढी कळकळ. तुझ्या बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

तापट प्रोफेसर अजिबात नको. नोव्हेंबरात डोक्यावर पंखा लावून बसणारा माणूस विद्यार्थ्यांचं काय ऐकणार? आणि दुसरा एका वेळी एकच काम करतो, म्हणजे तिची पानं वाचायला वर्ष घेईल. म्हणून मी तिसराच गाठला. माझे जुने सहकारी आता रेगेन्सबर्गला प्रोफेसर आहेत, ते तयार झाले. नैनाला कळवलं, तिने आनंदाने रडून घेतलं. जानेवारीपासून सहा महिने ईश्वरी रेगेन्सबर्गला. हे सगळं सिद्धेशमुळे, असं सांगितलंय बरं का.

जेवत जा. लोभ आहेच, त्यावर वाटीभर तूप समज.

शुभाआत्या

कार्ल्सरूहे, ११ नोव्हेंबर २००५

ती. आत्यास,
सा. न. (वि. वि. राग उतरल्यावर)

प्रोसेसर, आत्या. प्रो-से-सर. कॉम्प्युटरच्या आत बसणारी चकती, बिस्किटाहून लहान. पंखा तिच्या डोक्यावर असतो. मी ईश्वरीला रणगाडे उडवायला यंत्र देत होतो, तू तिलाच उडवलंस. आणि गाव शोधलंस तेही नेमकं बाबांचं.

पत्र वाचून मी स्क्रूड्रायव्हर असा आपटला की शेफनी, म्हणजे आमच्या मालकांनी, बाहेर चक्कर मारून यायला सांगितलं. उद्या ती प्रोसेसर ठरवायला येणार. तिला काय सांगू, माझ्या अक्षरानं तुला गावाबाहेर काढलं? आत्या, ती मला आवडते. हे सावकाश, सुवाच्य लिहितोय: आ-व-ड-ते. यात फ कुठेही नाही.

लोभ तूर्तास स्थगित. उत्तर आलं की चालू करतो.

सिद्धेश

लुडविग्सहाफेन, १२ नोव्हेंबर २००५

चि. सिद्धेशास,
अ. उ. आ. आणि माफी.

तुझी आवड मला गणपतीतच कळली होती, मोदक तू तिच्याच ताटात वाढत होतास. तू म्हणशील तर सगळं मागे घेते. पण तू तिचा प्रोसेसर ठरवतोस, मी तिचा प्रोफेसर ठरवते. तिला कुणी विचारलंय का? आधी ते विचार, शांतपणे.

स्थगिती उठवावी ही विनंती.

शुभाआत्या

कार्ल्सरूहे, १४ नोव्हेंबर २००५

ती. शुभाआत्यास,
सा. न. वि. वि. (पूर्ण)

तुझं पत्र आज आलं, पण शनिवार आधीच होऊन गेला. ईश्वरीला मी सगळं सांगितलं, कागदावर माझा स आणि फ काढून दाखवले. ती दुकानातल्या खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली की तिला खरंच प्रोफेसर मिळत नव्हता, घरी सांगायची भीती वाटत होती, आणि ती रेगेन्सबर्गला जाणार. मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

तरी प्रामाणिकपणे सांगितलं, खेळायला शांतवाला घे, एएमडीचा. ती म्हणाली, हो, हो, हे तिला माहीत आहे, चार मासिकं वाचून आली आहे. पण तिथली खोली थंड असणार, तेव्हा तिला तापटच हवा. तापट आपल्याला चालतो, असं म्हणाली. आत्या, हे ती मराठीत म्हणाली, आणि शोकेसकडे न बघता माझ्याकडे बघून. वर अट घातली की असल्या तापटाचा भरवसा नाही, तेव्हा जोडणाऱ्याने दर शनिवारी येऊन तपासून जायचं.

मी एका पायावर तयार आहे. वोखनएंडे-तिकीट, ते वीकएंडचं स्वस्त तिकीट, काढून लोकल गाड्या बदलत जाणार, रात्री मुक्काम बाबांकडेच करावा लागणार. त्यांना तू आधी सांगून ठेव, की मी आवाज चढवणार नाही. निदान शनिवारी तरी नाही.

लोभ पुन्हा चालू, व्याजासकट.

तुझा तापट सिद्धेश