स्टुलामागचे साहेब

प्रिय भिंगरी,

आज सकाळपासून तुझ्या आईच्या शिलाई मशीनची खडखड कानात घुमतेय. तू पोटात होतीस तेव्हा ती दिवसभर पायडल मारायची आणि मी शेजारी बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. कडवं संपलं की तू आतून लाथ मारायचीस. मी म्हणायचो, पोरीला कविता कळते. ती म्हणायची, ‘गप्प बसा’ असं सांगतेय ती तुम्हाला. जन्मल्यावर निकाल तिच्याच बाजूने लागला. माझ्या कवितेला तू भोकाड पसरायचीस, आणि मशीन सुरू झालं की डोळे मिटायचीस.

तुझे चिरंजीव, म्हणजे आमचे साहेब, जगात जरा घाईनेच आले. काचेच्या पेटीत केवढेसे दिसायचे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळं करेल, पण आपल्या सवडीने. ती सवड मी रोज डोळे भरून बघतो. आधी त्यांना स्वतःची मूठ सापडली, मग मुठीतली बोटं. परवाची अख्खी दुपार चमचा खाली टाकण्यात गेली. त्यांनी टाकायचा, मी उचलायचा. माझी कंबर मोडली, पण साहेबांना कळलं की चमचा पडतो आणि आजोबा वाकतो. एका दुपारीत एवढं मी जन्मात शिकलो नाही. हल्ली तुझ्या आईच्या मशीनसमोरचं स्टूल ढकलत घरभर हिंडतात. मी कविता म्हणतो, ते तालावर पाऊल टाकतात. ओळ विसरलो की थांबून असे बघतात, की मला आमचे मास्तर आठवतात.

काल जावईबापू कामावर निघताना बोलून गेले की तू राजीनामा लिहून ठेवलायस. लेकरू अजून आधाराशिवाय चालेना आणि मी इथे नोकरीचं प्रशिक्षण घेत बसलेय, असं तुझ्या मनाने घेतलंय म्हणे. म्हणून हे पत्र. अगं, तू लांब आहेस म्हणून त्याचे पाय अडलेले नाहीत. तुझा आवाज तो पोटातूनच ऐकून आलाय. फोनवर तू बोललीस की तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत राहतो. तो राजीनामा फाडून टाक. शिकून ये. पाऊल काय, तो टाके—

थांब. बाहेरच्या खोलीत मघापासून स्टूल घसरत होतं, ते गप्प झालंय. मान वर केली तर साहेब दारात उभे. स्टूल तिकडेच राहिलंय. पाय लटपटतायत, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेत. पेन ठेवतो. मलाही दोन्ही हात लागणार.

तुझाच,
बाबा