बाबांच्या गाडीचा रंग

४ मार्च, मंगळवार
पार्किंगच्या खांबाने बाबांच्या गाडीचं मागचं दार खरवडलं. खांब जरा पुढे आलेला आहे. ओरखडा वीतभर, मध्ये थोडा पोचा. बाबा वर पलंगावर, पाय प्लॅस्टरमध्ये, खोलीची खिडकी मागच्या अंगाला. तेव्हा काळजी नाही. प्लॅस्टर निघालं की आधी आपल्या गाडीतून चक्कर मारायची, असं ते आज पुन्हा म्हणाले. गाडी कशी आहे, असंही विचारलं. रोज विचारतात. मस्त आहे म्हणालो. होणारच आहे.
गॅरेजला देणार नाही. गॅरेजवाला बाबांचा दोस्त, लगेच फोन लावेल. व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. घरीच करायचं ठरवलं.

८ मार्च, शनिवार
पोचा बुजवायला पुट्टी आणली. त्यात हार्डनर किंचितच घालायचं असतं. लवकर वाळावी म्हणून मी सढळ हाताने घातलं. डब्यातच दगड झाली, चमच्यासकट. चमचा स्वयंपाकघरातला होता. बायकोने विचारलं तेव्हा मी विषय बदलला.

९ मार्च, रविवार
नवी पुट्टी बसली. पॉलिश पेपरने घासली. कड बोटाला लागते म्हणून आणखी घासली. वीतभर ओरखड्याचा आता ताटाएवढा डाग झाला आहे. आधी बिघडल्यासारखं दिसतंच.
थोरली बहीण आली होती. ताई म्हणाली, बाबांना सरळ सांगून टाक, रागावतील आणि विसरतील. तिचं काय जातंय? लहानपणापासून बाबांपुढे तीच शहाणी. हे एक काम मी तडीस नेऊन दाखवणार.

१२ मार्च, बुधवार
रंग आणला. गाडी दुकानात नेली नाही, उगाच चारचौघांना ओरखडा दिसला असता. दुकानदाराने कलर कोड विचारला. करडा, म्हणालो. त्याने करड्या रंगाचे बरेच डबे पुढ्यात मांडले. मी बेधडक एक उचलला. रंग माझ्या डोळ्यांसमोर पक्का आहे.

१५ मार्च, शनिवार
सुरुवात स्वच्छ हवी म्हणून आधी सबंध दाराला मेणाचं पॉलिश लावलं. तोंड दिसत होतं त्यात. मग स्प्रे मारला. रंग धरेचना, जागोजागी गोल डोळे उमटले. डबा सदोष. बायकोने डब्यावरचं वाचून दाखवलं की पत्र्यावर तेल, मेण असता कामा नये. मग इतक्या बारीक अक्षरात लिहितात कशाला?

१६ मार्च, रविवार
सगळं खरवडून, धुऊन पुन्हा मारला. धरला. दार मात्र निळसर दिसतं, गाडी तशी नाही. उपाय सापडला. पुढचं दारही रंगवायचं, म्हणजे प्रश्न मिटला.

१९ मार्च, बुधवार
दोन्ही दारं जुळली. आता बाकीची गाडी त्यांना जुळत नाही. मडगार्डही उरकलं. मध्येच डबा संपला, दुसरा आणला तो हिरवट निघाला. किंवा उजेडच तसा असेल. रंग ओला असतानाच वॉचमनने झाडू मारला. हात फिरवला की वाळू लागते. काचेला कागद लावायचा राहून गेला.
जेवताना बाबांनी गाडीचं विचारलं. मस्त आहे म्हणालो. ताट तसंच ठेवून पाणी आणायला उठलो.

२१ मार्च, शुक्रवार
प्लॅस्टर निघालं. उद्याच खाली येणार म्हणाले. घाईघाईत बॉनेट रंगवलं. ओघळ आलेत, पण लांबून चालून जाईल. बाबांच्या चष्म्याचा नंबरही वाढलेला असणार. गाडी सावलीत लावायची ठरवली.

२२ मार्च, शनिवार
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत खाली आले. ताई सोबत होती. ते गाडीसमोरून सरळ पुढे गेले, पार्किंगच्या टोकापर्यंत पाहिलं आणि ताईला विचारलं, आपली गाडी कुठे लावली आहे.
ताईने दाखवली. ते परत आले. दारावरून हात फिरवला, वाळू लागते तिथे थांबवला. ते रागावणार म्हणून माझं उत्तर तयार होतं, खांबापासून सुरुवात करणार होतो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, रोज विचारत होतो रे तुला. मग चक्कर नको म्हणाले.
जिन्यात मी आधार द्यायला पुढे झालो, त्यांनी ताईचा हात धरला. फार वाईट वाटलं.
आज काही ठरवलेलं नाही.