आफ्रिकेपुरती खरी, डेट्रॉइटपुरती खोटी

मी, लुविनिया मंगिन, वय वर्षे एक्याऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार एग्रेट बेट, दक्षिण कॅरोलिना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करीत आहे. डोक्यावर बसून कोणी लिहून घेतलेले नाही. तसे करू धजणारा या बेटावर अजून जन्माला यायचा आहे. गुडघे गेले, एक कान गेला, अक्कल जागेवर आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती केली तेव्हा मला एझ्रा हे एकच भावंड आहे अशी माझी समजूत होती.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. माझे पती सॅम्सन यांनी हाताने विणलेले मासेमारीचे पाग ओसरीवर टांगलेले आहेत. ते ज्याला खाडीत फेकता येतील त्यालाच द्यावेत. भिंतीवर शोभेला लावायला मागणाऱ्या पाहुण्यांना हात लावू देऊ नये. रविवारच्या माझ्या टोप्या शेजारीण मिसेस गॅडसन यांना द्याव्यात. जांभळी टोपी मात्र माझ्याबरोबर शवपेटीत यावी, कारण ती आपल्याच टोपीची नक्कल आहे असे त्या चर्चभर सांगत हिंडल्या होत्या. बँकेत जे असेल त्यातून दफनाचा खर्च भागवून उरलेले चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. तिथली शेगडी एका बाजूने पेटतच नाही. वर्षानुवर्षे सांगते आहे, पण ऐकतो कोण!

आता मुख्य गोष्ट. पुढच्या कलमांत ओझेला टिंडल हे नाव येईल. ती कोण, हे लिहायची कायद्याने गरज नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मला गरज आहे, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबमेळाव्यात एझ्राची मुलगी जनेल हिने डीएनए तपासणीच्या डब्या आणल्या. नळीत लाळ भरून पोस्टाने पाठवायची, की आपले पूर्वज आफ्रिकेतल्या कुठल्या भागातून गुलाम म्हणून पळवून आणले ते कंपनी कळवते. अट एवढीच की आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. आणि हे कुठे, तर आमच्या मेळाव्यात! टेबलावर लाल भात, उकडलेल्या चिंबोऱ्या, भेंडी-कोळंबीचे कालवण. निम्म्या मंडळींच्या नळ्या मसाल्यासकट गेल्या आणि बाद होऊन परत आल्या. एझ्रा तेवढा तोंड मिटून बसला होता. मी नळी घेतलीच नाही. म्हटले, "विकणाऱ्याने नाव टिपलं नाही, घेणाऱ्याने टिपलं नाही, आणि माझी थुंकी सांगणार होय?"

एझ्राचे उत्तर आले. मोठा हिस्सा सिएरा लिओन, मग अंगोलाची बाजू, थोडा घाना, आणि चिमूटभर स्कॉटलंड, ज्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. फोनवर त्याने मला "सिएरा लिओन" असे वाचून दाखवले आणि मी, सगळी चेष्टा विसरून, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून रडले. आमच्या खापरपणजोबांच्या मागे आम्हाला कुणाचेही नाव ठाऊक नाही. तिथून मागे नुसते पाणी. त्या पाण्यापलीकडे बोट दाखवून "तिथून" असे म्हणणारे जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी भेटले होते.

एझ्राने प्रमाणपत्र चौकटीत घालून बैठकीत लावले, तिकडचे कापड मागवून सदरा शिवला, ज्या चर्चचा तो डीकन, म्हणजे कारभारी, आहे तिथे भाषण ठोकले. वर्षभराने कंपनीने नवे आकडे पाठवले. सिएरा लिओन आक्रसले होते, घाना फुगला होता. लाळ तीच!

मी जनेलला विचारले, "म्हणजे ठोकून देतात की काय हे?"

"तसं नाही, आत्या. जसजसे जास्त लोक तपासून घेतात तसा प्रदेशांचा अंदाज बदलतो. जवळच्या नात्यांचं तसं नसतं. ते सहसा चुकत नाही."

मग ती घुटमळली. मी म्हटले, "बोल की. तोंडात काय धरून ठेवलंयस?"

ज्यांचे रक्त जुळते त्यांची नावेही कंपनी कळवते. एझ्राशी डेट्रॉइटच्या एका बाईचे रक्त सावत्र बहिणीइतके जुळले होते आणि तिची पत्रे जनेलकडे येत होती. ओझेला टिंडल, माझ्या पाठची, एझ्राच्या आधीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमचे वडील मोटारींच्या कारखान्यात कामाला डेट्रॉइटला गेले होते आणि दोन हिवाळे तिथे राहिले होते. एवढे आम्हाला माहीत होते. थंडीच्या गोष्टी ते फार रंगवून सांगत. बाकीचे त्यांनी सांगितले नाही. आईला ठाऊक होते की नाही, देव जाणे. ओझेलालाही आमचा शोध नव्हता. तिलाही आफ्रिकाच हवी होती. सगळे समुद्रापलीकडे पाहत होते आणि सापडले कोण, तर मोटारीने एका दिवसावरचे माणूस.

गेल्या वर्षी ती आली. मी दार उघडले आणि दारात आमचे वडील उभे, फक्त कोटाऐवजी शाल घेतलेले म्हणा. तेच कपाळ, मान तशीच डावीकडे कललेली. म्हणाली, "मी तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल का? जन्मात कुणाला म्हटलेलं नाही." मी म्हटले, "आधी आत ये, भात निवतोय." दुसरे काही मला सुचलेच नाही.

एझ्राला बोलावले. तो अंगणातच उभा राहिला.

"ताई, ही बाई कोण मला ठाऊक नाही."

"तुझ्या भिंतीवरच्या कागदाला ठाऊक आहे."

"टक्क्यांनी बहीण होत नसते. प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"वा रे डीकन! आफ्रिकेपुरती लाळ खरी आणि डेट्रॉइटपुरती खोटी?"

तो पाठ फिरवून निघून गेला. न्यायाने सांगायचे तर त्याच्या भीतीला कारण आहे. आमची जमीन पणजोबांपासून वाटणी न होता सर्व वारसांची मिळून आहे. खाडीपलीकडच्या वस्तीत असाच एक लांबचा वारस निघाला. त्याने आपला हिस्सा बिल्डरला विकला, बिल्डर कोर्टात गेला आणि सगळ्यांचीच जमीन लिलावात गेली. तिथे आता गोल्फ खेळतात, आणि कबरींकडे जायला फाटकावर परवानगी मागावी लागते. एझ्राने ते डोळ्यांनी पाहिले आहे. पण ओझेलाने तिथेच पायरीवर बसून मला सांगितले, "ताई, मला मातीचा कणही नको. शाळेच्या कागदावर बापाच्या नावापुढे रेघ मारायचे माझ्या. ती रेघ तेवढी पुसून हवी होती."

त्यानंतर मी नळी मागवली. सकाळपासून उपाशी राहून, तोंड कोरडे पडेपर्यंत थुंकले. उत्तरात ओझेला माझ्याही नावापुढे आली. आता आमच्या दोघांच्याही नळ्या बदलल्या असतील तर एझ्राने तसे शपथेवर सांगावे. ते उत्तर मी जनेलकरवी त्याला पाठवले. तेव्हापासून तो माझ्याकडे जेवायला येत नाही. सोमवारी त्याच्यासाठी वाटाणा-भात रांधायची सवय हाताला आहे. अजून जास्तीचा होतो आणि वाया जातो. मला त्याची फार आठवण येते, हेही इथे लिहून ठेवते.

म्हणून असे ठरवते. जमिनीतला माझा अविभक्त हिस्सा मी जनेलला देते. मूठभरही ओझेलाला देत नाही. हे ओझेलाला विचारून आणि तिच्या आनंदी संमतीने ठरवले आहे. आता एझ्राकडे जमिनीची सबब उरलेली नाही. उरला असेल तर नुसता ताठा, आणि तो आम्हा तिघांनाही एकाच माणसाकडून आलेला आहे.

घर सॅम्सनने बांधले. ते जनेलचे होईल, पण ओझेलाला हयातभर त्यात राहण्याचा हक्क राहील. वडिलांचा डेट्रॉइटमधला फोटो, बर्फात काकडत उभे असलेला, ओझेलाचा. बिडाचे मोठे पातेलेही तिचेच. त्यात भात लागला तर दोष पातेल्याचा नाही. कबरस्तानात माझ्या डाव्या हाताची जागा तिच्यासाठी राखावी. उजवीकडे सॅम्सन आहे, तो घोरायचा.

एझ्राला मी वडिलांचे बायबल देते. त्याच्या पहिल्या पानावर घरातल्या जन्मांची नोंद आहे, आणि तिथे आमच्या दोघांच्या नावांमध्ये थोडी जागा आहे. तिथे लिहायचे की नाही ते त्याचे त्याने पाहावे. मी मुद्दाम लिहिलेले नाही. माझ्या हातचे असते तर त्याने तेही खोटे ठरवले असते.

शेवटचे कलम अंत्यविधीचे आहे, आणि ते सर्वांत बंधनकारक समजावे. आमच्यात पेटी खाली सोडण्याआधी घरातले सर्वांत लहान मूल तिच्यावरून पलीकडच्या हातांत देतात, गेलेल्याने त्याचा पिच्छा धरू नये म्हणून. परक्याचे मूल कधी देत नाहीत. मेलेले माणूस आपल्याच रक्ताच्या मागे लागते, परक्याचे त्याला काय! माझ्या पेटीवरून ओझेलाची पणती सेलेस्ट हिला द्यावे. ती सध्या रांगते. मी चिवट निघाले आणि ती चालू लागली तरी तिलाच उचलून द्यावे. पेटीच्या अलीकडे ओझेला उभी राहील. पलीकडे, घरातला वडीलधारा पुरुष म्हणून, एझ्रा. मूल त्यानेच घ्यायचे, आणि आमच्या रीतीप्रमाणे ते कुणाचे आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचे.

तो हात पुढे करणार नाही, असेही होईल. कोणी त्याला टोचून बोलू नये, ढकलू नये, पाद्रीसाहेबांनी मध्येच प्रार्थना सुरू करून त्याची सुटका करू नये. ओझेला थांबेल, तिला थांबायची सवय आहे. बाळ रडले तर रडू द्यावे. रडणारे मूल एझ्राला कधीच बघवलेले नाही. मात्र त्याने तिला घेतल्याशिवाय मला खाली सोडू नये. ऊन असो, पाऊस असो, मला कुठे जायची घाई नाही.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ऐकू आले नाही तिथे पुन्हा वाचायला लावले, आणि मग मी खालील दोघांसमक्ष सही केली. दोघांपैकी कुणालाही यातून काही मिळत नाही.

सही: लुविनिया मंगिन

साक्षीदार: हॅम्प्टन बेली, नावाडी
साक्षीदार: ओरेथा पिंकनी, निवृत्त परिचारिका

स्थळ: एग्रेट बेट, दक्षिण कॅरोलिना
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३